वसाहतीतील उद्यानाचे नूतनीकरण : आराखड्यावर कोणत्या सूचना द्याव्यात?

अनगोळकर

सर्वांना नमस्कार.

बेळगावच्या दक्षिणेस, अनगोळच्या शिवारात साधारण तीस वर्षांपूर्वी पडलेल्या एका लेआऊटमध्ये आम्ही राहतो. नकाशात उद्यानासाठी राखलेली २७ गुंठ्यांची जागा आजही शाबूत आहे, हे आमचे भाग्यच म्हणायचे. जागा जवळजवळ आयताकृती आहे. लांबी ६५ मीटर, रुंदी ४२ मीटर. पश्चिमेला तीन जांभळी आणि एक जुना करंज आहे, रस्त्याच्या कडेने गुलमोहरांची रांग आहे आणि ईशान्येच्या कोपऱ्यात शेताच्या काळातली एक बांधीव विहीर आहे. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून ती बंद केली, त्याला आता पंधरा वर्षे झाली असतील.

या उद्यानाच्या नूतनीकरणासाठी निधी मंजूर झाला असून आराखडा आम्हाला पाहायला मिळाला. प्रवेशद्वारावर कमान, मध्यभागी कारंजे, कारंज्याभोवती बारा गुंठे हिरवळ, कडेने पेव्हरचा तीन मीटर रुंदीचा रस्ता, खुली व्यायामशाळा, रंगीत दिव्यांचे खांब आणि एक सेल्फी पॉइंट, असे त्याचे स्वरूप आहे. रहिवाशांनी आपल्या सूचना तीन आठवड्यांत लेखी द्याव्यात, असे सांगण्यात आले आहे.

वसाहतीतील बहुतेकांना हे चित्र आवडले. मी मात्र बेचैन आहे, कारण आठ वर्षांपूर्वी याच जागेत एक लहान कारंजे बांधले गेले होते आणि ते जेमतेम दोन उन्हाळे चालले. पंप जळला, तो बदलला गेला नाही, आणि आता त्या हौदात पावसाचे पाणी साचून डास होतात. दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागलेली आहे. मुलांच्या घसरगुंडीखाली तेव्हा सिमेंटचा कोबा करण्यात आला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आलेला माझा सहा वर्षांचा नातू त्या घसरगुंडीवरून उतरताना कोब्यावर तोंडघशी पडला. समोरचा दात तुटला आणि हनुवटीला चार टाके घालावे लागले. तक्रार घेऊन गेलो तेव्हा, मुलांकडे पालकांनी लक्ष द्यायला हवे, एवढेच उत्तर मिळाले. नव्या आराखड्यातही घसरगुंडीखाली पेव्हरच दाखवलेले आहेत.

पैसा पुन्हा एकदा येतो आहे आणि तो पुन्हा तसाच जाऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे. आपल्यापैकी ज्यांना बागा, बांधकाम, मैदाने किंवा कायदा यांची माहिती आहे त्यांनी सांगावे : आम्ही नेमके काय मागावे आणि कशाला नको म्हणावे?

माहेर_टिळकवाडी

काका, नातवाचे वाचून फार वाईट वाटले. घसरगुंडीखालचा कोबा काढून टाकण्याची मागणी तुमच्या पत्रात अगदी पहिली असली पाहिजे, बाकी सर्व त्यानंतर. खाली स्वच्छ वाळू हवी, ती फूटभर खोल हवी, आणि खेळण्याच्या चारही बाजूंनी किमान सहा फुटांपर्यंत पसरलेली हवी. मूल खेळण्याच्या मधोमध क्वचित पडते, ते कडेला फेकले जाते. वाळू पायाने सरकते, घट्ट होते, मांजरे ती घाण करतात. म्हणून आठवड्यातून एकदा ती दाताळ्याने उकरावी लागते आणि वर्षातून एकदा भर घालावी लागते. हे काम कोणी करायचे, तेही पत्रात लिहावे लागेल. पत्र्याची घसरगुंडी असेल तर ती झाडाच्या सावलीत किंवा उत्तरेकडे तोंड करून बसवायला सांगा. एप्रिलच्या दुपारी चारला तापलेल्या पत्र्यावर बसलेल्या मुलाची मांडी भाजते, हे मी माझ्या लेकीच्या बाबतीत अनुभवले आहे.

मी लहानपणापासून टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरत आले. तिथे माणसे कमानीसाठी किंवा कारंज्यासाठी येत नाहीत. सावली आहे, पायाखाली माती आहे आणि मोकळा वारा आहे, म्हणून येतात. आराखड्याकडे पाहताना हे एकदा आठवून पाहावे.

माझी दुसरी सूचना अशी आहे की मत देण्याआधी तुम्ही काही जणांनी मिळून एक आठवडाभर उद्यानात कोण, केव्हा आणि कशासाठी येते याची वहीत नोंद ठेवावी. आमच्या भागात आम्ही तशी नोंद ठेवली, तेव्हा आम्हालाच आमच्या समजुती बदलाव्या लागल्या. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आवाज सभेत मोठा असतो, म्हणून उद्यान त्यांचेच आहे असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात संध्याकाळी पाच ते सात या वेळेत मुले आणि त्यांच्या आया सर्वांत जास्त होत्या. दुपारी बारा ते चार फाटक बंद असे, आणि त्याच वेळी धुणीभांड्याची दोन घरे संपवून तिसऱ्या घरी जाण्याआधी डबा खायला जागा शोधणाऱ्या बायका फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर उन्हात बसलेल्या दिसत. दुपारी फाटक उघडे ठेवावे ही मागणी कोणीच केली नव्हती, कारण त्या बायका सभेला येत नाहीत.

स्वच्छतागृह आराखड्यात दिसत नाही. साठीच्या पुढच्या स्त्रिया अर्ध्या तासाच्या वर उद्यानात का थांबत नाहीत, याचे उत्तर त्यात आहे. बाकांना पाठ आणि हात टेकायला दांडे असावेत. पाठ नसलेल्या सिमेंटच्या बाकावरून गुडघेदुखी असलेल्या माणसाला उठता येत नाही.

निवृत्त_स्थापत्य

मी चौतीस वर्षे सार्वजनिक बांधकामात काढली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पेव्हरबद्दल प्रथम. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत फरशी वाळतच नाही. झाडाखालच्या पेव्हरवर जुलैमध्ये शेवाळ धरते आणि फिरायला येणारी वयस्कर माणसे त्यावरूनच घसरतात. उद्यानाची परिमिती सुमारे २१४ मीटर आहे. कुंपणापासून थोडे आत घेऊन वाट काढली तर जवळपास दोनशे मीटरची एक फेरी होईल आणि पाच फेऱ्यांत किलोमीटर पुरा होईल. एवढ्या वाटेला दोन मीटर रुंदी पुरे आहे. खाली खडी, वर मुरूम व दगडाची कच यांचा दाबलेला थर, मध्यापासून दोन्ही कडांना पन्नासास एक असा उतार आणि कडेने पाणी वाहून नेणारी उथळ चर, एवढे केले तर चिखल होत नाही आणि गुडघ्यांनाही ते बरे असते. मात्र फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंतचा आणि काही बाकांपर्यंतचा भाग पक्का, खडबडीत पृष्ठभागाचा असावा, कारण मुरमावरून चाकाची खुर्ची नेणे कठीण जाते. चढ असेल तिथे बारास एक यापेक्षा तीव्र उतार नको. जनावरे आत येऊ नयेत म्हणून फाटकात बसवलेली फिरती चौकट खुर्चीला आणि बाळगाडीला अडवते. शेजारी किमान ९० सेंटीमीटरची मोकळी वाट ठेवायला सांगा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानुसार सार्वजनिक जागा त्यांना वापरता येणे बंधनकारक आहे, त्यामुळे ही विनंती म्हणून मांडू नका, हक्क म्हणून मांडा.

झाडांच्या बुंध्याला सिमेंट लागू देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. तो दाखला पत्रात जोडता येईल. तुमच्या करंजाची मुळे फार दूरवर गेलेली असणार, त्याला एक मीटरही अपुरा आहे.

आता कारंज्याचे. ते बांधायला जो खर्च येतो तो एकदाच येतो, परंतु पंप, वीज, पाण्यातील क्षार आणि हौदाची सफाई यांचा खर्च दर महिन्याला येत राहतो, आणि त्यासाठीची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली लागते. बांधकामाच्या निविदेत दोषदायित्व कालावधी असतो. त्यात तडा गेला, फरशी खचली तर कंत्राटदाराने दुरुस्त करायचे असते. झाडांना पाणी घालणे, गवत काढणे, वाळू उकरणे, दिवे बदलणे हे त्यात येत नाही. लोकांचा नेमका इथेच गोंधळ होतो. म्हणून मूळ निविदेतच तीन वर्षांची देखभाल स्वतंत्र बाब म्हणून घालावी, तिचे पैसे दर तिमाहीला आणि प्रत्यक्ष पाहणीनंतरच द्यावेत, आणि पाहणीच्या नोंदीवर रहिवाशांपैकी दोघांची सही असावी, अशी मागणी करा. अंदाजपत्रकाची एकूण रक्कम वाढणार नसेल तर कमान, सेल्फी पॉइंट आणि रंगीत दिवे वगळून ती रक्कम देखभालीकडे वळवायला सांगा.

मातीवेडा

बारा गुंठे हिरवळ वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीला रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. बारा गुंठे म्हणजे १,२०० चौरस मीटरपेक्षा थोडे जास्त. म्हणजे रोजचे सहा हजार लिटर. फेब्रुवारी ते मे हे चार महिने धरले तर सात लाख लिटरांच्या वर जाते. ज्या शहरात उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाच्या पातळीची बातमी लोक रोज वाचतात, तिथे हे पाणी आणायचे कुठून? टँकर बंद झाला की पंधरा दिवसांत ती हिरवळ पिवळी पडते आणि त्यानंतर तिथे काँग्रेस गवत उगवते. याउलट साठ रोपे लावली आणि प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा वीस लिटर पाणी दिले, तर आठवड्याला २,४०० लिटर पुरतात. हिरवळीला त्याच आठवड्यात ४२ हजार लागले असते. शिवाय तीन उन्हाळे काढल्यावर बहुतेक झाडे आपल्या पायावर उभी राहतात. बसायला, लोळायला थोडी हिरवळ हवी, हे मलाही मान्य आहे. दोन-अडीच गुंठे ठेवा, तीही विहिरीच्या जवळ.

विहिरीकडे आराखड्यात कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. काका, त्या २७ गुंठ्यांवर दरवर्षी बत्तीस लाख लिटरांहून अधिक पाऊस पडतो, कारण बेळगावात सरासरी पाऊस बाराशे मिलिमीटरच्या पुढे आहे. त्यातला थोडा भाग जरी गाळणखड्ड्यातून विहिरीत किंवा विहिरीभोवतीच्या मातीत मुरवला, तरी रोपांचे पाणी सुटते. विहिरीची परंपरा या शहराला नवीन नाही. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीत भरले, तेव्हा पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे, आणि १९९० च्या दशकातल्या टंचाईत ती व शहरातल्या इतर जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. तुमच्या कोपऱ्यातली विहीर त्याच जातीची असणार. आधी तिची खोली आणि पाण्याची पातळी मोजा, आणि ती एप्रिल-मे मध्येच मोजा. सप्टेंबरमध्ये कोणतीही विहीर भरलेलीच दिसते.

झाडांविषयी. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलतो देखणा, पण लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वादळात फांदी तुटून पडते. उभे असलेले काढू नका, त्यांच्या जड फांद्या पावसाळ्याआधी जाणकाराकडून हलक्या करून घ्या. कर्नाटकात झाड तोडायला १९७६च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्षाधिकाऱ्याची परवानगी लागते, हे कंत्राटदारालाही आठवण करून द्यावे. नवीन लावताना सातवीण टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या फुलांचा उग्र वास दम्याच्या माणसांना सोसत नाही. बहावा, ताम्हण, बकुळ, कडुनिंब आणि मुलांसाठी आणखी एखादी जांभूळ लावा. जांभळे पडून वाट निसरडी होते, म्हणून जांभूळ वाटेपासून दूर हवी. रोपे किमान पाच-सहा फूट उंचीची आणि जाड खोडाची घ्या. हातभर रोपे पहिल्याच उन्हाळ्यात शेळ्यांच्या किंवा क्रिकेटच्या चेंडूच्या तावडीत सापडतात.

पालापाचोळा जाळू देऊ नका. एका कोपऱ्यात तीन फूट खोल दोन खड्डे करावेत. एकात पाला, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर असे भरत जावे आणि ओल टिकवावी. तो भरला की दुसरा सुरू करायचा. सहा-आठ महिन्यांनी पहिल्यातून काळी भुसभुशीत माती निघते. मी तिचा वास घेऊन सांगू शकतो की ती तयार झाली की नाही. कच्च्या खताला आंबूस वास येतो, तयार खताला पहिल्या पावसाचा.

जुना_रहिवासी_६८

मी याच लेआऊटमध्ये पहिल्या दिवसापासून राहतो आणि अनगोळकर मला चांगले ओळखतात. माझे मत वेगळे आहे, ते स्पष्ट लिहितो. उद्यान हे शांतपणे बसण्यासाठी असते. संध्याकाळी पंधरा-वीस मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात. माझ्या पत्नीच्या खांद्याला चेंडू लागला तेव्हापासून तिने उद्यानात पाऊल टाकलेले नाही. रात्री दहानंतर काही तरुण आत बसून काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे. फाटकाला कुलूप असावे, वेळा ठरलेल्या असाव्यात आणि खेळाला पूर्ण बंदी असावी. खेळायला शहरात लेले मैदान आहे, सरदार्स मैदान आहे.

खोखोपटू

आदरणीय काका, आपल्या पत्नीला चेंडू लागला ही गोष्ट गंभीर आहे आणि ती पुन्हा घडू नये यासाठी उपाय झालाच पाहिजे. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलाने अनगोळच्या पुढून लेले मैदानावर रोज एकट्याने जावे, हे शक्य नाही. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत, मोठ्या रस्त्यावरची रहदारी आहे. आपण खेळाला बंदी केली तर तो मुलगा मैदानावर जाणार नाही, तो घरी मोबाईल घेऊन बसेल, किंवा गल्लीत खेळेल आणि गाडीखाली येईल.

मी मुलींच्या खो-खो संघाला शिकवतो. खो-खोच्या क्रीडांगणाला २७ मीटर लांबी आणि १६ मीटर रुंदी लागते, कबड्डीला १३ बाय १०, व्हॉलीबॉलला १८ बाय ९. तुमच्या ६५ मीटर लांबीच्या जागेत दक्षिणेच्या टोकाला सुमारे ३० मीटर बाय २० मीटरचा मातीचा तुकडा मोकळा सोडला तर त्यावर यांपैकी कोणताही खेळ होऊ शकतो, आणि तरीही तीन-चतुर्थांशांहून अधिक उद्यान बसणाऱ्यांसाठी शिल्लक राहते. माती चाळून, दगड काढून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार करायची. तिच्यावर गवत नको आणि पेव्हर तर मुळीच नको. या तुकड्यात कठीण किंवा टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट खेळायचे नाही, असा नियम करा. मुलांना नियम जाचत नाहीत. मोठी माणसे रोज वेगळा नियम सांगतात ते जाचते. मुलांच्या खेळाच्या वेळेत अर्धा तास मुलींसाठी राखून ठेवा. तो राखला नाही तर मुली येत नाहीत, हे मी बारा वर्षे पाहतो आहे.

रात्रीच्या टोळक्याबद्दल कुलपापेक्षा दिव्यांचा उपयोग होतो. मात्र दिवे झाडांच्या पानांच्या खाली, बारा-तेरा फुटांवर असावेत. उंच खांबावरचा दिवा गुलमोहराच्या शेंड्याला उजेड देतो आणि बाकाखाली अंधार ठेवतो.

जुना_रहिवासी_६८

क्रिकेट बंद होणार असेल आणि मैदानाच्या बाजूला जाळी लावली जाणार असेल, तर मी विरोध करणार नाही. कुलपाचा आग्रह मात्र कायम आहे. दुपारी फाटक उघडे ठेवण्याला माझी हरकत नाही. रात्री साडेनऊनंतर ते बंद झालेच पाहिजे.

हक्क_आणि_उतारा

सूचनांच्या जोडीला जागेची कागदपत्रेही नीट करून घ्या, कारण उद्यानाची जागा टिकली तरच बाकीच्या गोष्टींना अर्थ आहे.

कर्नाटकात उद्याने, क्रीडांगणे व खुल्या जागा यांच्या जतनासाठी १९८५चा स्वतंत्र कायदा आहे. स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीतील अशा जागांची यादी करायची असते आणि यादीतील जागा दुसऱ्या कामासाठी वापरण्यावर त्या कायद्याने बंधन येते. आपल्या उद्यानाचे नाव त्या यादीत आहे का, लेआऊटच्या मंजूर नकाशात ते उद्यान म्हणून दाखवले आहे की सीए साइट, म्हणजे नागरी सुविधेची जागा, म्हणून, आणि क्षेत्रफळ २७ गुंठेच लिहिले आहे का, या तीन गोष्टी तपासा. उद्यान आणि सीए साइट यांत फरक आहे. नागरी सुविधेच्या जागेवर शाळा, दवाखाना किंवा समुदाय भवन उभे राहू शकते, उद्यानाच्या जागेवर नाही.

हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात ठामपणे सांगितले आहे. बेंगळूरच्या राजमहाल विलास एक्स्टेंशनमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. तिथल्या रहिवाशांनी ते आव्हान दिले, आणि मोकळी जागा हा रहिवाशांच्या जगण्याच्या गुणवत्तेचा भाग असल्याने ती अशी वळवता येणार नाही, असा निकाल लागला. रुग्णालय ही चांगली गोष्ट आहे, हा युक्तिवाद तिथे चालला नाही. उद्या तुमच्या उद्यानाच्या कोपऱ्यात कोणी समुदाय भवन किंवा मंदिर बांधू म्हणाले, तर हा निकाल जवळ असू द्या. देवाच्या नावाने केलेल्या बांधकामाला विरोध करणे शेजाऱ्यांना जड जाते, म्हणून ती वेळ येण्याआधीच सभेत ठराव करून ठेवणे शहाणपणाचे.

अंदाजपत्रकाची प्रत माहिती अधिकारात मागा. कर्नाटकात शुल्क १० रुपये आहे आणि अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. आपली माणसे तीन पानी इतिहास लिहितात आणि अर्ज परत येतो. अंदाजपत्रकासाठी एक, नकाशासाठी दुसरा आणि मागच्या नूतनीकरणाच्या देखभाल खर्चासाठी तिसरा, असे वेगवेगळे अर्ज करा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, तुमच्याकडे तीनच आठवडे आहेत. म्हणून सूचनांच्या पत्रात, अंदाजपत्रक मिळेपर्यंत निविदा काढू नये, असे एक वाक्य असू द्या.

उद्याने आणि क्रीडांगणे पुरवणे हे १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांच्या कामांमध्ये लिहिलेले आहे. तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्याही त्याच दुरुस्तीने आल्या, आणि बेळगावची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच पावणेपाच लाखांच्या वर होती. आपल्या नगरसेवकांना भेटताना हातात हे असावे.

खानापूरकर

चर्चा शहराची चालली आहे, तरी खेड्यातले दोन शब्द लिहितो.

आमच्या पंचायतीच्या हद्दीत शाळेजवळ एक उद्यान करण्यात आले. कुंपण, सिमेंटचे हरीण, दोन झोपाळे. भोवती सगळीकडे जंगल आणि शेत असलेल्या गावात त्या उद्यानात कोण जाणार? आमच्या म्हाताऱ्या माणसांची बसायची जागा म्हणजे पिंपळाचा पार. त्याचे दगड निखळले होते. ते बसवायला सांगितले, तर उद्यानाच्या निधीत पार बसत नाही, असे कळले. पोरांना तालमीची माती बदलून हवी होती आणि शाळेच्या मैदानाचा उतार काढून हवा होता. मैदानाचे सपाटीकरण शेवटी रोजगार हमीतून झाले आणि आज तिथे संध्याकाळी शंभर पोरे असतात.

अनगोळकर, तुमच्या इथे पत्रकात ‘आराखड्यावर सूचना द्या’ असे म्हटले आहे. आमच्याकडे ‘काय हवे’ हे आधी विचारलेच नव्हते. तुम्ही त्या माहेर_टिळकवाडी ताईंनी सांगितलेली वही जरूर ठेवा.

सीमेवरचा_शिक्षक

पत्राच्या भाषेविषयी एक व्यावहारिक सूचना. मूळ पत्र कन्नडमध्ये असावे आणि सोबत मराठी प्रत जोडावी. कार्यालयातील टिपण कन्नडमध्ये लिहिले जाते. आपले पत्र कन्नडमध्ये असेल तर त्यातील वाक्ये टिपणात जशीच्या तशी उतरतात, नाहीतर सारांश करताना ‘रहिवाशांच्या काही सूचना आहेत’ एवढेच उरते. त्याचबरोबर, ज्या सूचनाफलकावरून लोकांचे मत मागवले जाते तो इथल्या पन्नाशीच्या पुढच्या कित्येक मराठी माणसांना वाचता येत नाही. वसाहतीतील कन्नड वाचणाऱ्या मुलांकडून अशा प्रत्येक फलकाचा मराठी आणि उर्दू अनुवाद करून फाटकावर लावा. उद्यानात तिन्ही भाषांची माणसे येतात, सह्याही तिन्ही भाषांत झाल्या तर पत्राला वजन येईल. अनुवाद तपासून द्यायला मी तयार आहे.

अनगोळकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दहा दिवसांत जे घडले ते कळवतो.

आम्ही सात जणांनी पाळीपाळीने वही ठेवली. दुपारी फाटकाबाहेर बसणाऱ्या बायका आमच्याकडेही आहेत. मी तीस वर्षे त्या वाटेने जातो आणि त्यांना पाहूनही पाहिले नव्हते. त्यांपैकी एकीला काय हवे असे विचारले, तेव्हा तिने एकच गोष्ट सांगितली : हात धुवायला आणि प्यायला एक नळ.

रविवारी सकाळी निवृत्त_स्थापत्य आणि मातीवेडा हे दोघे स्वतः येऊन गेले. विहिरीची जाळी गंजलेली होती, ती चौघांनी मिळून बाजूला केली. दोरीला दगड बांधून सोडला. सतरा फुटांवर दगड पाण्याला टेकला आणि त्यानंतर आणखी अकरा फूट दोर ओला झाला, तेव्हा तळ लागला. भर एप्रिलमध्ये अकरा फूट पाणी! आमचे माळीमामा शेजारी उभे होते. ते म्हणाले की ही विहीर आटलेली त्यांनी कधी पाहिलेली नाही, पण त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते. ते उद्यानासाठी रोज फक्त दोन तास येतात, कारण त्यांच्याकडे आणखी चार उद्याने आहेत. हेही मला त्याच दिवशी कळले. पाणी तपासायला दिले आहे. जाळी नवीन, कुलपाची आणि मुलांना उचलता येणार नाही अशी बसवावी लागेल. तोपर्यंत जुनीच साखळीने बांधून ठेवली आहे.

सूचनांचे पत्र तयार आहे. घसरगुंडीखाली वाळू आणि जुना कोबा उखडणे ही पहिली मागणी आहे. त्यानंतर विहिरीची साफसफाई, गाळणखड्डा व लहान पंप, हिरवळ बारा गुंठ्यांवरून अडीच गुंठ्यांवर आणणे, मुरमाची दोन मीटर रुंद वाट आणि फाटकापासून पक्का सपाट भाग, दक्षिणेला जाळीसह मातीचे क्रीडांगण, स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याचा नळ, पानांखाली येणारे दिवे, साठ रोपे आणि पाचोळ्याचे दोन खड्डे. तीन वर्षांची देखभाल निविदेत घालण्याची आणि माळी पूर्ण वेळ देण्याची मागणी ठळक अक्षरांत आहे. कमान, कारंजे आणि सेल्फी पॉइंट वगळावेत असे लिहिले आहे. कारंज्यावरून सभेत तासभर वाद झाला. वीसेक घरांना ते हवेच आहे, आणि त्यांचे मतही पत्रात नोंदवले आहे, कारण ते लपवून ठेवणे योग्य झाले नसते. फाटक सकाळी पाच ते रात्री साडेनऊ सलग उघडे राहावे, यावर जुना_रहिवासी_६८ यांची पहिली सही आहे.

कन्नड मसुदा शिक्षक महोदयांनी तपासून दिला. सह्या उद्या आणि परवा, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, मोठ्या जांभळीखाली घेतल्या जातील. दुपारी बारा ते दोन या वेळेत माझी सून फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर कागद घेऊन बसणार आहे.